आखूड मेखा

यारमथ बंदर, ३ ऑक्टोबर १६३४

दादा,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पत्र चुलीत टाकशील, हे मला माहीत आहे. टाकायच्या आधी एवढं वाच. माझं एकच काम आहे.

मी परत समुद्रावर चाललोय. इथल्या एका जहाजाचा सुतार, म्हातारा रूक, काविळीनं गेला. जहाज आठवड्याभरात निघायचं होतं. धक्क्यावर मी समोर दिसलो, कप्तान लॉडनं विचारलं, मी हो म्हटलं. बस, एवढीच गोष्ट. धुरावलेली हेरिंग घेऊन इटलीतल्या लिव्हॉर्नोला जायचं आणि रिकामं परत यायचं. तिकडच्या लोकांचे चाळीस दिवसांचे उपवास लागायच्या आत मासा पोचला पाहिजे, म्हणून सगळ्यांना घाई सुटलीय.

जहाजाचं नाव ज्युडिथ.

हो, आपलीच. मर्सीला लागून, त्याच हिवाळ्यात, तुझ्याच गोदीत बांधलेली. तिला पाहिल्यावर मला कसं वाटलं ते लिहीत नाही, तुला ते वाचायचंही नसेल. जहाज दिसायला अजून देखणं आहे. नाळेचा, पुढच्या टोकाचा, बाक तूच काढला होतास, तसा बाक मी पुढं कुठं पाहिला नाही.

आता माझं काम. ज्युडिथ पाण्यात उतरल्यापासून तिच्या उजव्या कुशीच्या, मागच्या अंगाच्या, पाण्याखालच्या फळ्या कुणी कधी उचकटल्या होत्या का? बदलल्या का? ती परत कधी तुझ्या गोदीत आली होती का? हो किंवा नाही, एवढं कळव. नव्या सुताराला जहाजाचं आतलं-बाहेरचं ठाऊक असावं, म्हणून विचारतो. डील गावात 'तीन मासे' नावाची खानावळ आहे, तिथं पत्र टाक. वारा पडला तर आम्ही तिथं नांगर टाकून असू.

मर्सी बुडाल्यावरच्या चौकशीचं परत उगाळत नाही. पंचांनी विचारलं, लाकूड ओलं होतं का. ओलं होतं. तूही नाकारलं नव्हतंस. मी शपथेवर खोटं एक अक्षर बोललो नाही.

इथल्या खलाशांचा तांडेल बार्नबी क्रॅस्क म्हणून आहे. हात खोऱ्यासारखे, आवाज त्याहून मोठा. पहिल्याच दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वुडब्रिजचा गॅरड तो तूच ना? जोनस गॅरडचा धाकटा भाऊ?" मी म्हटलं, हो. मला वाटलं आता हा कानाखाली देणार. त्यानं माझा हात धरला आणि सोडेचना. म्हणाला, "माझा भाऊ वॉट मर्सीवर होता. सख्ख्या भावाची भीड न ठेवता खरं बोलणारा तू एकटा निघालास. तू खाली हातोडी मारतोयस म्हटल्यावर मी वर डोळे मिटून झोपेन बघ."

उद्या पिंपं भरायला सुरुवात.

वहिनीला नमस्कार.

अँब्रोज


डील गावासमोर, नांगरावर, २१ ऑक्टोबर

दादा,

उत्तर आलं, पण तुझं नाही. वहिनीनं लिहिलंय. अक्षर तेच, एका ओळीत बसेल ते दोन ओळींत लिहायची सवयही तीच.

ती लिहिते, तू माझी पत्रं उघडत नाहीस, हेही उघडलं नाहीस, तिनंच उघडलं. तिनं तुला जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि तू ताटातून वर न बघता म्हणालास, "ज्युडिथ गेली ती गेली. तिच्या फळीला परत कुणाचा हात लागलेला नाही." आणि मग विचारलंस, का गं? तिनं भाकरी पुढं सरकवली.

तिनं आणखीही लिहिलंय. गोदीत गवत वाढलंय. मर्सी बुडाल्यापासून तुझ्याकडून कुणी होडीसुद्धा बांधून घेत नाही, आणि तू आता गावासाठी शवपेट्या करतोस. हे तिनं जसं लिहिलंय तसं मी इथं उतरवतोय, कारण ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही: "पेट्या मात्र इतक्या घट्ट बांधतात की पाण्याचा थेंब आत जायचा नाही. लोक हसतात."

इथं दहा दिवस झाले. पश्चिमेचा वारा हटत नाही. आमच्यासारखी साठ-सत्तर जहाजं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी आहेत. रोज सकाळी मी मोजकाठी खाली सोडतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन बोटं पाणी. आता चार बोटं. नांगरावर, सपाट पाण्यात, चार बोटं. कप्तान म्हणतो, "जहाज म्हटलं की पाझरायचंच. म्हातारी खोकते, म्हणून काय लगेच पाद्रीला बोलावतोस?" सगळे हसले. मीही हसलो.

मला कुशीपर्यंत पोचता येत नाही. पिंपं तळापासून तुळयांपर्यंत रचलीत. मासा, मासा आणि मासा. अंगाला, भाकरीला, बायबलच्या पानांनासुद्धा वास लागलाय.

दुपारच्या जेवणाला क्रॅस्क माझ्याच शेजारी बसतो. वाटाण्याची आमटी ओरपता ओरपता तो रोज एकदा तुझं नाव घेतो. काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही. काल म्हणाला, "देवानं मला एक दिवस दिला ना, तर जोनस गॅरडला त्याच्याच ओल्या ओकच्या फळीला बांधून भरतीच्या पाण्यात उभा करीन. मान बुडेपर्यंत बघत बसेन." मग माझ्याकडं वळून, "राग मानू नकोस हां सुतारा. तुझा भाऊ आहे, पण माझाही भाऊच होता."

मी म्हटलं, "आमटी गार होतेय."

परवा मी माझी पेटी बांधली होती. किनाऱ्यावर उतरून पायी घरी यावं असं मनात होतं. किनाऱ्याला जाणारी होडी मिळाली नाही, म्हणून राहिलो.

आज वारा ईशान्येला वळतोय. माणसं नांगर उचलायच्या तयारीला लागलीत. हे पत्र पाणी भरायला आलेल्या होडीवाल्याकडं देतो.

अँब्रोज


फालमथ, ४ नोव्हेंबर

दादा,

घाईत लिहितोय. इथं दोन दिवस पाणी आणि बिअर भरायला थांबलोय.

खाऱ्या पाण्यानं एक पिंप फुटलंय, वास येतोय, असं सांगून मी परवा दुपारी चार माणसं घेतली आणि मागच्या अंगाची पिंपं बाजूला करवली. त्यांना वर पाठवून दिलं आणि कंदील घेऊन एकटाच कुशीला गेलो. मोगरीनं एकेक लाकडी मेख ठोकून पाहिली. चांगली मेख कशी बोलते ते तुला सांगायला नको, दगडावर ठोकल्यासारखी. काही तशा बोलल्या. बाकीच्या पोकळ बोलल्या. एक उपटून काढली. फळी, बरगडी आणि आतलं अस्तर यांना एकत्र शिवून ठेवणारी मेख दीड हात लांब हवी. माझ्या हातात आली ती चार बोटांची. नुसती टोपी. बाहेरून दिसायला टोपी, आतून टोपी, मध्ये काही नाही. फळी बरगडीला धरलेलीच नाही, डांबराच्या जोरावर चिकटून बसलीय.

मी अशा एकतीस मोजल्या. जिथं हात पोचत नव्हता तिथल्या वेगळ्या.

दादा, हे तुझ्या गोदीत कुणीतरी केलंय. त्या हिवाळ्यात एक डच माणूस आला होता, आठवतो? लालसर दाढीचा, बोलायचा नाही. मेखांच्या कामावर तो होता. त्याचंच काम असणार. मी त्याच्यावर आळ घेत नाही, पण असणार.

आतून जमेल तेवढे लोखंडी खिळे मारले. आरपार जाता येत नाही, गिरमिट बाहेर निघालं की समुद्र आत येईल. जहाज चिखलात बसवून कुशीवर आडवं करायला हवं, आठ दिवसांचं काम आहे. कप्तानला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आठ दिवस? उपवास लागल्यावर मासा पोचला तर तो मासा नव्हे, खत. तुला काय दिसलं ते सांग."

मी म्हटलं, "मेखा सैल वाटतात."

"वाटतात?"

"वाटतात."

"मग घट्ट कर. त्याकरताच तुला घेतलाय."

उद्या निघतोय.

अँ.


समुद्रावर, बिस्केच्या आखातात, १७ नोव्हेंबर

दादा,

डच माणसाचं लिहिलं ते खोटं होतं. तो बिचारा बरगड्या तासायचा. मेखेला त्यानं हात लावला नाही.

आज चार दिवस वादळ आहे. माझी पाळी संपून तासभर झालाय, बाहेर दिवस आहे पण उजेड म्हणावा असा नाही. पंप थांबत नाहीत. तासाला वीतभर पाणी येतंय. लिहिता येईल तेवढं लिहून घेतो.

त्या हिवाळ्यातला तो दिवस तुला आठवणारही नाही. मर्सीच्या पुढच्या अंगाची एक फळी मी बसवली होती, बाक चुकला होता. तू आलास, बोट फिरवलंस, आणि चाळीस माणसांच्या देखत म्हणालास, "बाप सांगायचा, अँब्रोजच्या हातात लाकूड देऊ नका, त्याला लाकूड कळत नाही. याला मेखा ठोकायला बसवा, ते माकडालाही जमतं." माणसं हसली. तू पुढं गेलास. मी तेव्हा पस्तीस वर्षांचा होतो, दादा. सात वर्षं समुद्रावर सुतारकी करून आलो होतो.

मग मी मेखा ठोकायला बसलो. पाण्याखालच्या अंगाला, जिथं पाणी लागल्यावर कुणी बघत नाही. पहिली आखूड मेख मी रागात मारली. दुसरी मारताना राग नव्हता, मजा वाटत होती. मनात म्हणालो, वर्षभरानं दोन्ही जहाजं पाझरायला लागतील, मालक बोंब मारतील, आणि गावात जोनस गॅरडचं नाक कापलं जाईल. एवढंच हवं होतं. देवाशपथ एवढंच. दोन जहाजांत मिळून तीन दिवस मी हे केलं. चौथ्या दिवशी मन खाऊ लागलं आणि पुढच्या सगळ्या मेखा पुऱ्या लांबीच्या मारल्या. आधीच्या काढायच्या तर सगळ्यांना कळलं असतं.

मर्सीत चाळीसच्या वर होत्या.

मर्सी तशीही ओल्या लाकडाची होती, आटल्यावर फटी पडल्या असत्या, पाझरली असती. पण पाझरणं वेगळं. एखादं अंगच उकलून जाणं वेगळं. वाचलेल्या त्या एका माणसानं पंचांना सांगितलं ना, "उजवी कूस दार उघडावं तशी उघडली." तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या नजरेत संशय नव्हता. तू मदत मागत होतास. मेखांचं काम माझ्याकडं होतं, मी एक शब्द बोललो असतो की मेखा नीट होत्या, तर कदाचित पंचांनी आणखी खोदून विचारलं असतं. म्हणून मी लाकडाचं बोललो. ते खरं होतं, आणि खऱ्याच्या मागं लपायला किती जागा असते हे मला त्या दिवशी कळलं.

ज्युडिथवर मी सहज आलो नाही. रूक आजारी आहे हे ऐकून तीन आठवडे यारमथच्या धक्क्यावर बसून होतो. आत जाऊन, कुणाला न कळता, एकेक मेख बदलायची आणि गप्प घरी यायचं असा बेत होता. डीलला होडी मिळाली नाही हेही खोटं. होडी होती. पेटीही होडीत ठेवली होती. क्रॅस्कनं वरून हाक मारली, "सुतारा, पाव आणशील का ताजा?" आणि मी पेटी परत वर घेतली. या जहाजावर चोवीस माणसं आहेत.

मघाशी मागच्या अंगाची एक फळी टोकाला सुटलीय. मी हात लावून पाहिला. लाटेबरोबर ती आत-बाहेर होते, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

कप्तानला परत जाऊन सांगितलं, कोरुन्याला वळू या, सगळ्यात जवळचं बंदर तेच. तो म्हणाला, "मर्सीचं भूत शिरलंय तुझ्यात. फळी सुटली तर ठोक. वळायचं नाही."

आता एकच उरलंय. मला ते कसं माहीत आहे हे सांगितल्याशिवाय तो वळणार नाही. आणि ते सांगताना क्रॅस्क तिथंच, पंपाच्या दांड्याला असणार.

मी वर जातोय.


कोरुन्या, स्पेन, ४ डिसेंबर १६३४

प्रुडन्स वहिनी,

हे पत्र तुझ्या नावानं लिहितोय. दादा माझी पत्रं उघडत नाही हे तूच कळवलंस, म्हणजे आधीची सगळी तूच वाचलीस आणि हेही तूच वाचणार. ही गोष्ट माझ्या डोक्यात इथं येऊन पोचेपर्यंत शिरली नव्हती. लिहिताना मला दादाचा चेहरा दिसत होता. तू दिसत नव्हतीस. मर्सीबरोबर गेलेला हम्फ्री तुझाही मुलगा होता.

१७ तारखेचं पत्र यासोबत आहे. फाडणार होतो. आधी ते वाच, मग हे. वाचून झाल्यावर थोडा वेळ दादासमोर जाऊ नकोस, एवढं माझं ऐक.

मी वाचलो. चोवीसच्या चोवीस वाचलो. कसे, ते सांगतो.

मी वर गेलो तेव्हा भर दुपार होती. वारा थोडा उतरला होता, पण लाटा मोठ्या होत्या. कप्तान सुकाणूपाशी होता, आणि आठ माणसं पंपावर. मी ओरडूनच बोललो, कारण तसं बोलल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. मेखा आखूड आहेत, एकतीस मोजल्या, त्याहून जास्त आहेत, मला माहीत आहे, कारण मीच मारल्या. मर्सीतही मीच मारल्या. जोनस गॅरडला यातलं काही ठाऊक नाही.

पंप थांबले.

कप्तान लॉड पहिल्यांदा काय बोलला असेल? "पंप कुणी थांबवले?" म्हणाला. मग सुकाणूवाल्याला म्हणाला, "कोरुन्या."

क्रॅस्क पंपाचा दांडा सोडून माझ्याकडं आला. माणसं बाजूला झाली. मला वाटलं, हा आता मला उचलून कठड्यावरून टाकणार, आणि खरं सांगतो वहिनी, मला हायसं वाटलं. त्यानं हात उचलला नाही. माझ्याकडं असा बघत राहिला, जणू बंदरात शिरलेलं ओळखीचं जहाज जवळ आल्यावर भलतंच निघालं. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला,

"कुठं आहेत? दाखव."

आम्ही दोघं खाली गेलो. त्यानं स्वतः मोगरी घेऊन ठोकून पाहिलं. एक, दोन, तीन. चौथ्या मेखेला थांबला आणि माझ्याकडं पाठ करून खाली बसला. पाणी आमच्या गुडघ्यांपर्यंत होतं आणि मासे सुटून पाण्यात तरंगत होते. उठला तेव्हा म्हणाला, "बाहेरून फळी ठोकता येईल?"

मी म्हटलं, "कूस पाण्याबाहेर आली तर."

"आणतो."

त्यानं माणसांना हुकूम सोडले. उजव्या बाजूची पिंपं समुद्रात गेली, जड सामान सगळं डावीकडं ओढलं. कप्तान एकदाच म्हणाला, "माझा मासा," आणि कुणी त्याच्याकडं पाहिलंही नाही. जहाज हळूहळू डावीकडं कललं, इतकं की उभं राहता येईना, आणि लाट मागं सरली की उजव्या कुशीची ती सुटलेली फळी उघडी पडायची. लाट आली की परत बुडायची. कुणीतरी खाली जाऊन, त्या दोन लाटांच्या मधल्या वेळात, चरबी आणि डांबर लावलेलं शिडाचं कापड ठेवून त्यावर शिशाचा पत्रा ठोकायचा होता. ते कुणाचं काम होतं हे कुणी बोललं नाही.

मी कमरेला दोर बांधला. वर बघितलं. दोराचं दुसरं टोक क्रॅस्कच्या हातात होतं. आणखी दोघं धरायला पुढं आले होते. त्यानं त्यांना हटवलं. "मी एकटा धरतो," म्हणाला.

तो एकटा का म्हणाला, ते मला तेव्हा कळलं असं वाटलं. मी कठड्यावरून खाली गेलो.

पहिल्या लाटेनं मला फळीवर आपटलं. दुसऱ्या लाटेखाली मी इतका वेळ होतो की आवाज बंद झाले. दोर ढिला झाला होता. आता सोडला, असं मी मनात म्हटलं. मग कमरेला हिसका बसला आणि मी हवेत आलो, आणि वरून त्याचा आवाज आला, "ठोक, हरामखोरा, ठोक!" मी ठोकत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. पत्र्याचा शेवटचा कोपरा बसवताना फळी लाटेनं आत ओढली गेली आणि माझा डावा हात तिच्यात सापडला. तीन बोटं तिथंच राहिली. खिळे मात्र पुरे झाले होते.

वर ओढून घेतल्यावर क्रॅस्कच्या दोन्ही तळव्यांचं कातडं निघालेलं मी पाहिलं. दोर एकदाही त्याच्या हातातून सुटला नव्हता. मधे ढिला झाला तो पाय घसरून तो पडला होता म्हणून, असं मागाहून दुसऱ्यांनी सांगितलं.

चार दिवसांनी आम्ही इथं लागलो. इथले लोक चांगले आहेत. एक म्हातारी रोज मला कोबीचं सार आणि भाजलेली चेस्टनट आणून देते आणि हाताकडं बघून छातीवर क्रूस काढते. ज्युडिथ किनाऱ्यावर आडवी पडलीय. इथले सुतार तिच्या मेखा उपटून वाळूत ढीग घालताहेत आणि प्रत्येक मेख निघाली की मान हलवतात.

आठ दिवस क्रॅस्क माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी माझ्या अंथरुणापाशी येऊन बसला. मी विचारलं, "बार्नबी, दोर का सोडला नाहीस?"

तो म्हणाला, "तू बुडाला असतास तर वुडब्रिजला जाऊन कोण बोललं असतं? मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मेलेल्या माणसावर ढकलतोय. मर्सीवर गेलेल्यांची एकोणीस घरं आहेत. माझी आई आहे. प्रत्येक दारात तू जायचं. तुझ्या तोंडानं सांगायचं. आणि तो तुझा भाऊ..." इथं तो थांबला. चार वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याचं नाव आता कसं घ्यावं हे त्याला कळत नव्हतं. "त्याच्या दारात मीही येईन. मला त्याची माफी मागायचीय."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तुझं-माझं बघू," म्हणाला आणि उठून गेला.

त्याचा अर्थ मी विचारला नाही. साउदॅम्प्टनचं एक जहाज येत्या मंगळवारी निघतंय, त्यावर आम्हा दोघांची सोय झालीय. तो माझ्या खाटेशेजारीच झोपतो. जेवायला जातो तिथं मागं येतो. मी पळून जाणार नाही असं त्याला सांगितलं तर म्हणाला, "ठाऊक आहे," आणि तरीही मागं येतो. नाताळच्या सुमाराला आम्ही वुडब्रिजमध्ये असू. पहिल्या रविवारी चर्चमध्ये, प्रार्थना संपल्यावर, मी सगळ्यांपुढं बोलेन. त्याच्या आधी दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला वाटतं त्यानं ते माझ्या तोंडून ऐकावं. पण मला काय वाटतं याला आता किंमत नाही.

वहिनी, एक गोष्ट दादाच्या पत्रात लिहिली नाही. ती तुझीच आहे.

हम्फ्री मर्सीवर जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं आला होता, हे तुला माहीत आहे. तूच त्याला पाठवलं होतंस, काकाला नमस्कार करून ये म्हणून. तू तेव्हा विचारलंस, काय बोलला? मी म्हटलं, काही नाही, हसतखेळत होता. तसं नव्हतं. तो माझ्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "काका, एक विचारू? बाबांना विचारलं तर ते चिडतील. बंदरात लोक म्हणतात, मर्सी उजव्या कुशीला पाझरते. खरं का? जाऊ का नको? तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जात. आईला सांगेन पोट दुखतंय."

त्यानं मला नको म्हणायची जागा करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. नको का, हेही त्यानं विचारलं नसतं.

मी म्हटलं, "नवी जहाजं पाझरतातच. जा, आणि गळ्याभोवती लोकर गुंडाळ."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग झालं," म्हणाला. "तुम्ही बांधलीय म्हटल्यावर."

आम्ही येऊ तेव्हा दार उघडायचं की नाही ते तुझ्यावर आहे. मी फाटकाच्या बाहेर उभा राहीन.

अँब्रोज गॅरड